तिघांचं वाजवणं ऐकताना

ख्याल आणि नाट्यसंगीतावर पोसलेल्या माझ्या कानांना जॅझची गोडी लावली ती बिल इव्हान्स ट्रिओच्या ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या अल्बमने. तो ऐकता ऐकता उमगलेल्या काही गोष्टी:

१. नाव एकाचं, वादन तिघांचं. मी आधी इव्हान्सच्या पियानोमागेच धावायचो. मग ठरवून फक्त स्कॉट लाफारोचा डबल बेस ऐकला आणि अल्बम नव्याने उलगडला. हा बेस नुसता ठेका धरत नाही. वरच्या स्वरांत चढून पियानोला उत्तर देतो, कधी त्यालाच अडवतो.

२. सम शोधू नका, चाल धरून ठेवा. या अल्बममधल्या ‘ऑल ऑफ यू’चा आराखडा ३२ बारांचा, म्हणजे ३२ छोट्या आवर्तनांचा. मूळ चाल मनात गुणगुणत राहिलं की कोण कुठे आहे ते कळतं. लय तिघांच्याही अंगात असल्यामुळे ती कुणीच सतत मोजून दाखवत नाही. ड्रमर पॉल मोशनचे ब्रश तर कित्येकदा ड्रमवर फक्त सरसरतात.

३. मोकळीक सरावातून येते. ही त्रयी १९५९मध्ये जमली. या अल्बमआधी त्यांचे ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ आणि ‘एक्सप्लोरेशन्स’ येऊन गेले होते. ते क्रमाने ऐका. बेस हळूहळू कसा धीट होत गेला ते कळेल.

४. ग्लासांच्या किणकिणाटावर चिडू नका. २५ जून १९६१ला न्यूयॉर्कमधल्या एका तळघरातल्या क्लबात दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठकी ध्वनिमुद्रित झाल्या. श्रोते गप्पा मारताहेत, आणि हे तिघं एकमेकांसाठी वाजवताहेत. मला आता तो गलका हवासा वाटतो.

५. अल्बम ही निवड असते. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, वयाच्या २५व्या वर्षी, लाफारो मोटार अपघातात गेला. म्हणून निर्माते ओरिन कीपन्यूज आणि इव्हान्स यांनी त्याचा बेस खुलून दिसेल अशाच रचना निवडल्या. पहिली ‘ग्लोरियाज स्टेप’ आणि शेवटची ‘जेड व्हिजन्स’, दोन्ही लाफारोच्याच. त्याच दिवसाचं उरलेलं बरंचसं वादन पुढे ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’मध्ये आलं.

जॅझ कळत नाही म्हणून बाजूला ठेवलं असेल, तर हा अल्बम चांगल्या हेडफोनवर दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बेस ऐका. पियानो दुसऱ्या खेपेला.