परीक्षेतील यश आणि घरातील संस्कार

एकाच परीक्षेचे मोल घर आणि समाज सारखेच करतात असे नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीची एक हकीकत दिली आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा जातीतील मंडळींनी सभा भरवून त्यांचे कौतुक करण्याचे योजिले. इतर समाजांत एवढ्या यशाची कोणी दखलही घेतली नसती. येथे मात्र हा टप्पा गाठणारा तो पहिलाच मुलगा होता. वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, साफ नकार दिला. मुलगा एक परीक्षाच तर उत्तीर्ण झाला आहे, सत्काराने त्याच्या डोक्यात वारे शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर त्यांचे स्नेही दादा केळुसकर यांनी त्यांचे मन वळविले. सभेच्या अध्यक्षस्थानावरून केळुसकरांनी मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

वडिलांच्या नकारामागे शिक्षणाविषयी उदासीनता मुळीच नव्हती. रामजी मुलांकडून रामायण-महाभारत आग्रहाने वाचून घेत. असे का, हे मुलाने विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड शिरण्याचा संभव आहे. द्रोण आणि कर्ण सामान्य स्थितीतून कोठवर चढले ते पाहावे, वाल्मीकी तर कोळी होता. मुलाला यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण आपल्याला आवडत नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले. वडील गप्प राहिले.