कुत्रा पंजा का चाटतो?

दिवाळी झाली की धनगर मेंढ्या घेऊन निघतात. पुणे, सातारा भागांतले कित्येक कळप घाट उतरून कोकणात जातात. पावसाळ्याच्या तोंडाला ते परत वर येतात. माणसे चालतात, घोडी चालतात, मेंढ्या चालतात. कुत्रा मात्र नुसता चालत नाही. तो कळपाच्या पुढे-मागे दिवसभर धावतो. रात्री माणसे झोपली, तरी तो वाघरीभोवती जागा असतो. माळावर लांडगा आहे. कुत्रा लंगडला की राखणच लंगडली.

असा कुत्रा एके दिवशी बसून पंजा चाटू लागतो. आपण म्हणतो, "चाटू दे. जिभेने जखम बरी होते." तसे नाही, बरं का! एकच जागा सारखी चाटली की कातडी ओली राहते. केस झडतात, लाल चट्टा पडतो, मग पू होतो.

म्हणून पंजा हातात घेऊन बघा. आधी तोंडाला मऊ फडके बांधा. दुखत असले की मायेचा कुत्राही धन्याला चावतो. बोटांच्या बेचक्यांत गोचीड दडते, तिथे बघा. गादीत काटा किंवा काच आहे का? तापलेल्या डांबरी सडकेनेही गादी भाजते.

सर्वांत वाईट ते कुसळ. पावसाळा सरला की माळावर कुसळी गवत पिकते. कुसळाचे टोक सुईसारखे असते. त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात. त्यामुळे कुसळ आत शिरते, पण मागे येत नाही. कुत्रा चालेल तसे ते आणखी आत सरकते. वरून एवढेसे भोक दिसते. ते सुकते आणि पुन्हा गळते. टोक बाहेर दिसत असेल, तर चिमट्याने सरळ ओढा. दिसत नसेल, तर कोरत बसू नका. गुरांच्या डॉक्टरकडे न्या. पंजा मिठाच्या कोमट पाण्याने धुवा आणि कोरडा करा. रॉकेल, जळके ऑइल लावू नका. कुत्रा ते चाटणारच, आणि ते पोटात जाणार!

पंज्यात काहीच सापडले नाही, तर? मग दुखणे वर सांध्यात असेल. सांधा दुखला तरी काही कुत्री तो पाय चाटतात. सकाळी उठताना कुत्रा बघा. म्हातारा माणूस हात टेकून उठतो, तसा तो कण्हत उठतो. थोडा चालला की मोकळा होतो. काट्याचे उलटे असते. चालेल तितका तो जास्त लंगडतो.

आज हा पाय लंगडतो, उद्या तो, अंगात ताप आहे, भाकरीला तोंड लावत नाही, असे असेल तर थांबू नका. तो गोचिडीचा ताप असू शकतो. रक्त तपासले की कळते. त्यावर औषध आहे.

सांधे धरलेल्या कुत्र्याला ओल्या जमिनीवर निजवू नका. गोणपाटाची जाड घडी द्या. अगदी बांधूनही ठेवू नका, थोडे थोडे चालवा. लांबच्या धावेला दुसरा कुत्रा न्या.

आपल्या अंगदुखीची गोळी मात्र भाकरीत घालून देऊ नका. आयब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होते. पॅरासिटामॉलने यकृत बिघडते. कुत्र्याची गोळी वेगळी असते. ती डॉक्टरच वजन बघून देतात.

पंजा बघताना तुम्हाला दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पिसाळण्याची लस घ्या. कुत्रा घरचा असला तरीही.