खेळांतील दैव आणि कौशल्य

सापशिडीत हरलेले मूल ‘माझे नशीबच खोटे’ असे म्हणते आणि गणितात चुकलेले मूलही तेच म्हणते. पहिल्याचे म्हणणे खरे आहे. दुसऱ्याचे बहुधा निमित्त असते. हा भेद उपदेशाने मुलांस पटत नाही, खेळाच्या द्वारे मात्र पटतो.

खेळांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. सापशिडीत निवडीस वावच नाही. फासा सांगेल तितकी घरे जावयाचे. बुद्धिबळात सर्व मोहरी दोन्ही पक्षांपुढे उघडी असतात. तेथे दैवाला फारशी जागा नाही. सोंगट्या व पत्ते यांत दोहोंचे मिश्रण आढळते. दान दैवाचे, कोणती सोंगटी हलवावी, हा निर्णय खेळणाऱ्याचा. पडलेली पाने ध्यानात ठेवणे आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे हे ठरविणे, यांस बुद्धी लागते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. तथापि कौशल्याच्या नावाखाली जुगार क्षम्य ठरत नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी केली आहे.

प्रयोग पहिला : ३० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने फासा ६ वेळा टाकावा. सुमारे १० मुलांना एकदाही ‘सहा’ मिळणार नाही. ‘आता तरी सहा पडलाच पाहिजे’ असे ती म्हणतील. पुढील दानातही शक्यता ६ पैकी १ एवढीच असते, कारण मागे काय पडले हे फाशाला ठाऊक नसते, हे फळ्यावर मांडून दाखवावे. जुगारी माणूस याच भ्रमाने बुडतो.

प्रयोग दुसरा : ‘पाच-तीन-दोन’चे दोन डाव शेजारी मांडावेत. दोन कॅट घेऊन दोन्ही डावांत त्या त्या जागेवरील मुलाला तीच १० पाने द्यावीत. हुकूमही एकच ठेवावा. पाने सारखी असूनही हात कमीअधिक झाले, तर ते कशामुळे, हे मुलांनीच सांगावे.

उदाहरणासाठी नागपूरच्या दिव्या देशमुख यांचे नाव घ्यावे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे, वयाच्या १९ व्या वर्षी, त्यांनी महिला विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम फेरीत अनुभवी कोनेरू हंपी यांना हरविले. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. निर्णय जलद डावांत लागला. असे यश लहानपणापासूनच्या सरावाचे असते, हे मुलांस सांगावे.

शेवटी शिक्षकांनी एक गोष्ट स्वतःशीही विचारात घ्यावी. घरी अभ्यासाला जागा नसणे, आईबापांबरोबर मजुरीच्या गावी जावे लागणे, हे त्या मुलाला पडलेले दान होय. तो त्याचा दोष नव्हे. दान बदलणे शिक्षकाच्या हाती नसेल, परंतु पडलेल्या दानावर खेळावे कसे, हे शिकविणे निश्चितच त्याच्या हाती आहे.