गाईची दगडी आणि हळद-चुन्याचा लेप

विरजण चांगले, दूधही नीट तापवून कोमट केलेले, तरी कधी कधी दही लागत नाही. पुष्कळ कारणे असू शकतात. त्यांपैकी एक असे की, त्या गाईला नुकतेच पेनिसिलिन दिलेले असते. ते दुधात उतरते व विरजणातील जंतूंना मारते. दूध उकळल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. म्हणूनच डेअरीत टँकर रिकामा करण्यापूर्वी दूध तपासतात, आणि औषध दिलेल्या गाईचे दूध ठरलेल्या दिवसांपर्यंत वेगळे काढून टाकावे लागते.

दुभत्या गाईला असले औषध बहुधा एकाच दुखण्यासाठी दिलेले असते, ते म्हणजे कासेची दगडी. रेफेतमध्ये काम केलेल्या आमच्या बांधवांना ते दलेकेत अतीन या नावाने माहीत आहे. कासेच्या चार भागांपैकी एखादा सुजतो, तापतो, हाताला दगडासारखा लागतो, आणि त्या सडातून फाटल्यासारखे, कधी रक्ताळलेले दूध येते. जंतू सडाच्या तोंडातून आत शिरतात. काही दूध काढणाऱ्याच्या हातांनी किंवा यंत्राने एका गाईकडून दुसरीकडे जातात, ई. कोलायसारखे शेणातून व ओल्या बिछान्यातून येतात. इस्राएलची गाय वर्षाला सरासरी सुमारे १२,००० लिटर दूध देते. म्हणजे एका गाईचे आठवड्याचे दूध ओतून दिले तर २०० लिटरांहून अधिक गेले!

प्रश्न केवळ पैशाचा नाही. जे औषध गोठ्यात वारंवार वापरले जाते, त्याला न जुमानणारे जंतू तेथेच वाढतात, आणि ते माणसापर्यंत पोहोचू शकतात. जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यास युरोपीय संघाने २००६ साली बंदी केली. भारताने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांसाठी बंद केले.

मग घरगुती औषधाचे काय? गुजरातमधील आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एका लेपाचा प्रसार करते. तो आमच्या वाचकांना अगदी ओळखीचा वाटेल. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम एकत्र वाटावे. हळदीला चुना लागला की रंग लाल होतो, हे कोकणातल्या कोणत्याही आजीला सांगावयास नको. मुरगळलेल्या पायावर हाच लेप बसत असे. कास धुऊन, सडातील सर्व दूध पिळून टाकून, मूठभर लेप पाण्यात पातळ करून कासेवर लावावा. असे दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस करावयाचे असते. जोडीला गाईला लिंबेही खाऊ घालतात.

आमचे मत असे की, सूज व ठणका यांवर हा लेप चांगला आहे. पण त्यातील बरेचसे श्रेय वारंवार दूध पिळून काढण्यालाही द्यावे लागेल, कारण त्याबरोबर जंतू व घाण बाहेर पडते. लेप वरूनच लावावा. सडात काडी, तेल किंवा घरचा कोणताही रस कधीही घालू नये. पुढचे दूध काढण्यापूर्वी कास स्वच्छ धुवावी.

येथे बेत दगान येथील संशोधकांनी वेगळी वाट शोधली. गॅब्रिएल लाइटनर व निस्सीम सिलानिकोव्ह यांनी दुधातीलच केसीन या प्रथिनाचे बारीक तुकडे करून ते कासेत सोडले. त्यामुळे तो भाग लवकर आटतो व कासेची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. शरीराला जे ठाऊक आहे तेच त्याला आठवून द्यावयाचे! ई. कोलायची सौम्य दगडी तर पुष्कळदा प्रतिजैविकावाचूनच बरी होते. यासाठी दुधाचा नमुना आधी तपासून, कोणता जंतू आहे हे पाहून मग औषध ठरविणे उत्तम.

मात्र गाईला ताप आहे, ती खात नाही, कान थंड पडले आहेत किंवा तिला उठवत नाही, असे दिसले तर लेप वाटत बसू नये. पशुवैद्याला तत्काळ बोलवावे. अशी गाय एका दिवसात दगावू शकते, आणि तेथे पशुवैद्याने दिलेले प्रतिजैविक नाकारणे म्हणजे मुक्या जनावराचे हाल करणे होय.

जंतू आत शिरूच नयेत याची खटपट सर्वांत स्वस्त पडते. बिछाना कोरडा असावा. प्रत्येक गाईस वेगळे फडके वापरावे. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या पेल्यात घेऊन पाहावी, म्हणजे गाठी लगेच दिसतात. दुखणाईत गाय शेवटी पिळावी. दूध काढल्यावर सड आयोडीनच्या पाण्यात बुडवावे. सडाचे तोंड त्यानंतर निदान अर्धा तास उघडे राहते. तेव्हा गाईपुढे ताजा चारा टाकावा, म्हणजे ती खात उभी राहील आणि लगेच शेणात बसणार नाही.