गणित की संख्याशास्त्र?

प्रश्न : बी.एस्सी.ला दोन्ही विषय होते; एम.एस्सी. कशात करावी? (एक विद्यार्थिनी, पुणतांबा)

उत्तर : जिचा व्यवहारात कवडीचाही उपयोग दिसत नाही अशा सिद्धतेत आपण रात्र-रात्र रमत असाल, तर गणितच घ्यावे, परंतु आपल्या गोदाकाठच्या शिवारातील मोजक्या पीककापणी-प्रयोगांवरून अवघ्या महसूल मंडळाचे उत्पन्न कसे ठरते आणि त्या अनुमानात चूक किती संभवते, हे कुतूहल अधिक प्रबळ असेल, तर डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी ज्याच्या बळावर पीकपाहणीला शास्त्रीय बैठक देण्यात मोठा वाटा उचलला, ते संख्याशास्त्र आपले होय. प्रा. व. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ साली उभारलेला पुणे विद्यापीठातील विभाग त्यासाठी उत्तम. नोकरीचा हिशेब मी दुय्यम मानतो. मात्र संख्याशास्त्र घेतल्याने वास्तव विश्लेषणातून सुटका होईल, हा भ्रम नसावा. संभाव्यतेच्या पहिल्याच सत्रात ते पुन्हा दत्त म्हणून उभे राहते.