‘इट इज मी’ की ‘इट इज आय’?

दारावर थाप पडते. आतून आई विचारते, “कोण आहे?” बाहेरून उत्तर येते, “मी आहे.” हेच दार भोपाळातील एखाद्या हिंदीभाषक शेजाऱ्याचे असले, तर आपण “मैं हूँ” म्हणतो. आमच्या स्वतःच्या घरी कोकणी बोलली जाते, तेथे “कोण तें?” या प्रश्नाला नुसते “हांव” एवढे उत्तर पुरते, क्रियापदावाचून काही अडत नाही. परंतु हाच प्रसंग इंग्रजीत लिहावयाचा झाला की विद्यार्थ्यांची लेखणी थबकते. ‘इट इज आय’ लिहावे की ‘इट इज मी’?

या प्रश्नाने आम्हांस एकदा चांगलेच खजील केले. नववीच्या एका चाचणी परीक्षेत एका विद्यार्थिनीने ‘इट इज मी’ असे लिहिले होते. आम्ही तांबड्या शाईने ‘मी’ खोडून ‘आय’ केले व अर्धा गुण कापला. आम्हांसही लहानपणी तसेच शिकविले गेले होते. पुढच्याच चाचणीत त्या मुलीने ‘हे पत्र माझ्यासाठी आहे’ या वाक्याचे भाषांतर ‘धिस लेटर इज फॉर आय’ असे केले. कारण विचारता ती शांतपणे म्हणाली, “सर, ‘इज’ आले की ‘आय’ लिहायचे, असे तुम्हीच दाखविले होते.” चूक तिची नव्हती, आमच्या अर्ध्या नियमाची होती. उरलेला अर्धा येथे सांगावयाचा आहे.

प्रथम ‘इज’ या क्रियापदाचा स्वभाव पाहू. ‘मुलगा आंबा खातो’ या वाक्यात खाण्याची क्रिया आंब्यावर घडते, म्हणून आंबा हे कर्म. ‘तो शिक्षक आहे’ यात ‘आहे’ कोणावर काही करीत नाही. ‘तो’ आणि ‘शिक्षक’ ही एकाच माणसाची ओळख ते जोडून देते. आपल्या व्याकरणात अशा क्रियापदास अपूर्णविधान क्रियापद आणि ‘शिक्षक’ या शब्दास विधानपूरक म्हणतात. लॅटिन भाषेत असा विधानपूरक कर्त्याच्याच विभक्तीत, म्हणजे प्रथमेत, असतो. अठराव्या शतकातील इंग्रजी वैयाकरणांपुढे लॅटिनचाच आदर्श होता. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले. त्या परंपरेत ‘इट इज आय’ हेच शुद्ध मानले गेले. तथापि त्याच काळी जोसेफ प्रीस्टली यांनी, लोकांच्या बोलण्याकडे व चांगल्या लेखकांच्या प्रयोगांकडे बोट दाखवून, ‘इट इज मी’ची बाजू घेतली. हे प्रीस्टली म्हणजे प्राणवायूच्या शोधात ज्यांचे नाव तुम्ही रसायनशास्त्राच्या तासाला ऐकता तेच!

याहूनही जुनी रचना मराठी कानाला अधिक जवळची वाटेल. चौदाव्या शतकात, चॉसर कवीच्या काळी, इंग्रज ‘इट ॲम आय’ असे म्हणत. तेथे क्रियापद ‘आय’शी जुळे. आपणही ‘काल दार वाजविणारा मीच होतो’ असे म्हणतो, ‘होता’ म्हणत नाही. ‘कोण आहे?’ या प्रश्नास अनेकजण मिळून ‘आम्ही आहोत’ असेच सांगतात. पुढे इंग्रजीत क्रियापदापूर्वीची जागा कर्त्याची व नंतरची जागा कर्माची, असा क्रम पक्का होत गेला. ‘इट’ कर्त्याच्या जागी बसले, क्रियापद त्याच्या आज्ञेत जाऊन ‘इज’ झाले, आणि मागे राहिलेल्या जागी लोकांच्या तोंडी ‘मी’ आले. म्हणूनच बाहेर दहा माणसे उभी असली तरी इंग्रजीत ‘इट इज अस’ म्हणतात. ‘इट आर अस’ कधीही नाही. आज बोलण्यात ‘इट इज मी’ सर्वमान्य आहे, आणि ‘इट इज आय’ फार औपचारिक वाटते. दोहोंपैकी कशासही चूक म्हणून गुण कापू नयेत, असे आमचे आताचे मत आहे. (इंग्रजी ‘मी’ व आपला ‘मी’ यांचा उच्चार एक आणि विभक्ती निराळी, हा योगायोग मात्र विद्यार्थ्यांना फार छळतो!)

शब्दयोगी अव्ययाचा प्रांत निराळा. तेथे वाद नाही. ‘फॉर’, ‘विथ’, ‘फ्रॉम’, ‘बिहाइंड’ यांच्यापुढे ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’ हीच रूपे येतात, मग वाक्यात ‘इज’ असो वा नसो. ‘धिस लेटर इज फॉर मी’ या वाक्यात ‘इज’ पत्राला माझ्याशी जोडीत नाही. पत्र म्हणजे काही मी नव्हे. ते पत्राला ‘फॉर मी’ या अखंड पदसमूहाशी जोडते, आणि त्या समूहात सर्वनामावर सत्ता चालते ती ‘फॉर’ची. तेव्हा ‘इज’ दिसले म्हणून घाई न करता, सर्वनामाच्या लगत डावीकडे कोण उभे आहे ते पाहावे.

ही सत्ता आपल्याला अपरिचित नाही. मराठीत ‘मीसाठी’ कोण म्हणतो? ‘साठी’ लागताच ‘मी’चे ‘माझ्या’ असे सामान्यरूप होते. कोकणीत ‘म्हजेखातीर’, हिंदीत ‘मेरे लिए’. परंतु येथेच एक खड्डाही आहे. ‘माझ्या’, ‘आमच्या’ या रूपांत षष्ठी दडलेली असल्यामुळे विद्यार्थी ‘फॉर माय’ लिहितात, आणि ‘तलाव आमच्यामागे आहे’ याचे ‘द लेक इज बिहाइंड ऑफ अस’ करतात. भोपाळात घरात मराठी व रस्त्यावर हिंदी असल्याने ही षष्ठी दोन्हीकडून कानावर पडते. ती इंग्रजीत उतरली तर नवल नाही. ‘बिहाइंड अस’ एवढेच पुरे.

अर्थाचे बारकावेही याच जोडणीत आहेत. ग्रंथालयाचे पुस्तक ‘इज विथ मी’, म्हणजे माझ्याजवळ आहे. ते ‘इज माइन’ नव्हे, कारण परत करावयाचे आहे. काकांनी वाढदिवसासाठी पाठविलेले पुस्तक टपालात असतानाच ‘इज फॉर मी’ असते. ‘मला एक भाऊ आहे’ येथे मात्र ‘इज’चा उपयोग नाही, ‘आय हॅव’ म्हणावे लागते. आणि ‘हे कोणासाठी आहे?’ यातील ‘साठी’ इंग्रजीत बोलताना बहुधा वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसते: ‘हू इज धिस फॉर?’

ज्या मुलांना ‘मी’बद्दल वारंवार टोकले जाते ती पुढे सर्वत्र ‘आय’ लिहू लागतात. असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे लोकही ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणतात, आणि शुद्ध बोलण्याच्या भीतीनेच अशुद्ध बोलतात, असे अनेक जाणकारांनी म्हटले आहे. आमच्या विद्यार्थिनीचे नेमके हेच झाले होते.

तिची पहिली उत्तरपत्रिका आम्ही मागवून घेतली, तांबडी रेघ खोडली आणि अर्धा गुण परत दिला. दुसऱ्या चाचणीतील ‘फॉर आय’चा गुण देता आला नाही, तेही तिला समजावून सांगितले. तिने ते मान्य केले आणि लगेच विचारले, “मग ‘शी इज टॉलर दॅन मी’ की ‘दॅन आय’?” ‘दॅन’ला शब्दयोगी मानले तर ‘मी’, उभयान्वयी मानले तर ‘आय’; दोन्ही पक्षांना आधार आहे. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली, तरी वर्गातील कोणी जागचे उठले नाही.