दाताच्या आतली साफसफाई

राहू बेटातल्या गुऱ्हाळांवर काम केलेल्यांना ठाऊक आहे, रस काढून उरलेले चिपाड कोणी फेकत नाही. ते वाळवून त्याच्याच जाळावर काहिलीतला रस आटवतात. आपल्या शरीरातली पेशीही असेच करते. स्वतःतले मोडके, निकामी भाग ती पिशवीत गोळा करते, पाचक रसाने विरघळवते आणि निघालेला माल पुन्हा वापरते. याला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण म्हणतात. यीस्टच्या पेशींवर याचा शोध घेणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दाताचे कवच टणक असले तरी आत मऊ, जिवंत गाभा असतो. त्याच्या कडेच्या, दात घडवणाऱ्या पेशी पुन्हा विभागत नाहीत. त्याच पेशींना वर्षानुवर्षे काम करावे लागते, म्हणून ही साफसफाई त्यांचा मोठा आधार आहे.

गोडावर जगणारे जंतू तोंडात आम्ल तयार करतात आणि दात पोखरतो. जंतूंचे विष गाभ्याजवळ पोचले की पेशी सफाई वाढवून तग धरतात. पण कीड तशीच राहिली, तर चिपाडाचा जाळ खोपटाला लागावा तसे होते आणि पेशी मरू लागतात. गाभा सुजतो. भोवती टणक भिंत, सुजेला जागा नाही. मग रक्तपुरवठा दबतो आणि रात्री झोपल्यावर ठणका वाढतो.

म्हणून हे ओळखा:

• गार पाण्याने कळ येऊन लगेच थांबते : गाभा बहुधा वाचू शकतो. आत्ताच दात भरून घ्या.
• कळ बराच वेळ टिकते, रात्री झोप मोडते : रूट कॅनाल करून दात राखता येतो का, ते डॉक्टरांना विचारा.
• ठणका आपोआप थांबला : दात बरा झाला असे समजू नका. गाभा मेलेला असू शकतो.
• गाल सुजला, ताप आला : त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दातात किडा नसतो. धुरी देऊन किडा काढून दाखवणारे फसवतात. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, हीच तथागतांची शिकवण. दुखऱ्या दातावर मिश्री किंवा तंबाखू दाबू नका. पाचवे शील पाळणाऱ्या घरात मिश्रीच्या डबीलाही जागा नको. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा, मुलांचेही घासून घ्या.

पेशी आतली सफाई करते. बाहेरची आपण करायची.

जय भीम!